माडी भाड्याने दिली, आता टॅक्समध्ये काय वजा होतं?

खाली स्वतःचं बिऱ्हाड आणि माडीवर भाडेकरू, ही बेळगावची जुनी पद्धत. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव, कुठेही बघा, घर बांधतानाच बाहेरून वेगळा जिना काढलेला असतो. मग पावसाळा येतो, गच्ची झिरपते, वॉटरप्रूफिंग करावं लागतं. जुनं घर असेल तर मंगळुरी कौलांची शाकारणी निघते. मालक प्रत्येक बिल जपून पिशवीत ठेवतो, कारण मार्चनंतर हे सगळं टॅक्समधून वजा करायचं असतं. ती पिशवी टॅक्सवाल्यासमोर रिकामी केली की तो दोन कागद ठेवून घेतो आणि बाकीचे परत देतो. असं का होतं, ते आधी समजून घेऊ.

घरभाड्याचं उत्पन्न घर-मालमत्तेच्या शीर्षाखाली मोजतात. इथे धंद्यासारखा जमाखर्च मांडायचा नसतो. वजा होणाऱ्या गोष्टी तीनच: तुम्ही स्वतः भरलेली घरपट्टी, ती वजा करून जे उरतं त्याचे सरसकट ३० टक्के, आणि त्या घरासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज. रंग, प्लंबर, एजंटची दलाली, भाडेकराराचा स्टॅम्प, घराचा विमा, वॉचमन, शाकारणी हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. वर्षभरात एक रुपया खर्च केला नाही तरी ३० टक्के मिळतात आणि तीन लाख घातले तरी तेवढेच. नव्या घराच्या मालकाला हा सौदा फायद्याचा पडतो आणि जुन्या वाड्याच्या मालकाला तोट्याचा, पण कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो.

काही जण यातून वाट काढायला भाडं धंद्याच्या उत्पन्नात दाखवायचे, म्हणजे दुरुस्ती आणि घसारा (वापराने दरवर्षी घटणारी घराची किंमत) दोन्ही मागता यायचं. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर ती वाट बंद झाली. राहण्यासाठीचं घर मालकाने भाड्याने दिलं तर ते उत्पन्न घर-मालमत्तेखालीच धरायचं, असं आता कायद्यातच लिहिलं आहे. मेडिकलच्या मुलांना जेवणखाण आणि खोलीच्या साफसफाईसकट पीजी (पेइंग गेस्ट) चालवत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही सेवा विकता, त्यामुळे हिशेब धंद्यासारखा होतो. नुसती खोली आणि कॉट दिली म्हणून तो धंदा ठरत नाही.

घरपट्टीचा नियम एका शब्दावर उभा आहे: भरलेली. ज्या आर्थिक वर्षात पैसे भरले, वजावट त्याच वर्षाची. पट्टी कुठल्या सालची आहे ते कोणी बघत नाही. चार वर्षांची थकबाकी एकदम भरली तर चारही वर्षांची रक्कम एकाच वर्षी वजा होते. उलट, या मार्चअखेर भरायची राहिली आणि एप्रिलच्या तीन तारखेला भरली, तर वजावट एक वर्ष पुढे गेली. आपल्याकडे एप्रिलमध्ये भरली की ५ टक्के सूट मिळते आणि रेंगाळलं की महिन्याला २ टक्क्यांप्रमाणे दंड चढतो, म्हणून एप्रिलमध्येच भरावी. वजावट मात्र सूट जाऊन प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचीच घ्यायची. दंडाचा आकडा त्यात मिसळू नका, तो कर नव्हे.

महापालिकेची पावती कन्नडमध्ये येते. त्यात 'आस्ति तेरिगे' म्हणजे घरपट्टी. तिच्याखाली सेसच्या (उपकराच्या) ओळी असतात, त्यानंतर सूट किंवा दंड आणि शेवटी एकूण. पुण्यातल्या टॅक्सवाल्याकडे काम देत असाल तर कोणती ओळ कशाची ते पावतीवरच मराठीत पेनने लिहून पाठवा. दंडासकटची एकूण रक्कम घरपट्टी म्हणून उचलली जाते, ही चूक नेहमीची आहे. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत घर असेल तर बोर्डाचा कर आणि शहराबाहेर असेल तर ग्रामपंचायतीचा घरफाळाही तसाच चालतो, कारण दोन्ही स्थानिक संस्थाच. नळाचं बिल आणि हेस्कॉमचं लाइट बिल मात्र कर नाही, वापराचा आकार आहे. ते वजा होत नाही.

पावती अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर निघते, हे तर घराघरात आहे. खाता, म्हणजे महापालिकेतली मालकाच्या नावाची नोंद, बदलायचा राहून गेलेला असतो. वारसाने पट्टी भरली आणि भाडंही तोच दाखवतो, तर वजावट अडत नाही. फक्त पैसे स्वतःच्या बँक खात्यातून ऑनलाइन भरा, म्हणजे कोणी भरले हा प्रश्नच उरत नाही. रोख भरून आणलेल्या पावतीवर आजोबांचं नाव असेल तर त्या कागदावर तुम्ही कुठेच नसता.

भाडेकरारात कधीकधी 'घरपट्टी भाडेकरूने भरायची' अशी ओळ घालतात. तसं असेल तर ती रक्कम मालकाला वजा करता येत नाही. त्यापेक्षा भाडं तेवढंच वाढवून पट्टी स्वतः भरणं बरं. अपार्टमेंटच्या मेंटेनन्सचं याच्या उलट. तो भाड्यात धरून मालकाने असोसिएशनला भरला तर सगळं भाडं उत्पन्न धरलं जातं आणि मेंटेनन्सची वेगळी वजावट हमखास मिळेल असं नाही. १४ हजार भाडं आणि १,५०० मेंटेनन्स असेल तर करारात दोन वेगळ्या ओळी करा आणि मेंटेनन्स भाडेकरू थेट असोसिएशनला देईल असं लिहा. लाइट आणि पाण्याचंही तेच. मीटर एकच असेल तर दर महिन्याला पोटमीटरचा आकडा लिहून रक्कम वेगळी घ्या, भाड्यात मिसळू नका.

खाली स्वतः राहता आणि वर भाडेकरू असेल, तर घरपट्टी अख्खी वजा होत नाही. पट्टी ८,४०० भरली, तळमजला ९०० चौरस फूट आणि माडी ६०० चौरस फूट असेल, तर माडीच्या वाट्याला ३,३६० रुपये येतात. तेवढेच घ्यायचे. बाकीचे तुमच्या राहत्या भागाचे, आणि राहत्या भागाचं उत्पन्न शून्य धरलेलं असल्याने तिथे वजा करायला काही नसतं. ही वाटणी एकदा क्षेत्रफळावर ठरवली की दरवर्षी तीच ठेवा. दरवर्षी वेगळं प्रमाण दिसलं की नोटिशीला आमंत्रण.

आता व्याज. सगळ्यात मोठी रक्कम इथे असते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

पहिला गैरसमज असा की वर्षाला दोन लाखांपर्यंतचंच व्याज वजा होतं. ती मर्यादा तुम्ही स्वतः राहता त्या घराची आहे. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज कितीही असो, भाड्यातून पूर्ण वजा होतं. व्याज भाड्याहून जास्त झालं की तोटा येतो. दोन लाखांचा आकडा पुढे येतो तो हा तोटा पगारातून किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करताना, आणि तोही जुन्या करप्रणालीत (कर मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धतींपैकी जुनीत). उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढे तो फक्त घरभाड्यातूनच वजा होतो. तोटा पुढे न्यायचा असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही.

दुसरा गैरसमज असा की कर्ज बँकेचंच हवं. व्याजाच्या वजावटीला तशी अट नाही. बेळगावात अर्धी माडी पतसंस्थेच्या किंवा मल्टिपर्पज सोसायटीच्या कर्जावर चढते, आणि बाकीची सोनेतारणावर. दोन्हीचं व्याज चालतं. मेहुण्याकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांचंही चालतं, त्यावर खरंच व्याज ठरलं असेल तर. सिद्ध एवढंच करावं लागतं की पैसा घरातच गेला. सोनेतारणाचे चार लाख खात्यावर जमा झाले, त्यातले तीन लाख सिमेंट, सळी आणि गवंड्याला गेले आणि एक लाख लग्नात, तर व्याजाचा तीन चतुर्थांश भागच घराचा. म्हणून कर्जाची रक्कम रोख उचलू नका. खात्यातून दुकानदाराला थेट ट्रान्सफर केली की पुरावा आपोआप तयार होतो. मुद्दलाच्या हप्त्याची प्राप्तिकराच्या कलम ८० सी खालची वजावट मात्र कायद्याने ठरवलेल्या संस्थांच्याच कर्जाला मिळते. सोनेतारण आणि मेहुणा त्यात बसत नाहीत, साधी पतसंस्थाही सहसा बसत नाही.

तिसरी गोष्ट गैरसमजापेक्षा संधी जास्त आहे. व्याजाची वजावट घर विकत घ्यायला आणि बांधायला काढलेल्या कर्जाला मिळते, तशीच दुरुस्ती आणि नूतनीकरणाच्या कर्जालाही मिळते. शाकारणीचं बिल वजा होत नाही, पण शाकारणीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज होतं. म्हणून मुद्दाम कर्ज काढा असा याचा अर्थ नाही. १२ टक्क्यांनी व्याज भरून त्यावर थोडा कर वाचवणं हा शहाणपणा नव्हे. कर्ज काढावंच लागलं असेल तर ते 'वैयक्तिक' म्हणून न घेता 'घरदुरुस्ती' म्हणून घ्या आणि मंजुरीपत्रावर तसं लिहून घ्या, इतकंच.

घरपट्टीत 'भरलेली' हा शब्द होता, व्याजात 'देय' आहे. म्हणजे मार्चपर्यंतचं व्याज अंगावर आलं पण हप्ता थकला, तरी त्या वर्षाचं व्याज वजा होतं. थकलेल्या व्याजावर चढलेलं व्याज मात्र होत नाही. सोसायटीच्या दाखल्यात ते दोन्ही एकाच आकड्यात येतं. वेगळं करून मागा.

बांधकाम चालू असतानाचं व्याज त्या त्या वर्षी घेता येत नाही. घर पुरं झालं त्या आर्थिक वर्षापासून पाच समान हप्त्यांत मिळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्ज घेतलं आणि माडी डिसेंबर २०२५ मध्ये पुरी झाली, तर ऑगस्ट २०२२ ते ३१ मार्च २०२५ हा बांधकामाचा काळ. त्या काळाचं व्याज २,१०,००० झालं असेल तर २०२५-२६ पासून पाच वर्षं दरसाल ४२,००० रुपये, आणि त्याशिवाय चालू वर्षाचं व्याज. एप्रिल ते डिसेंबर २०२५ चं व्याज चालू वर्षातच धरायचं, पाचात वाटायचं नाही. पहिल्या वर्षी हे विसरलं की पुढची चार वर्षंही विसरलं जातं, कारण विवरणपत्र आदल्या वर्षाची नक्कल करून भरण्याची सगळ्यांना सवय.

आकडे मांडून बघू. टिळकवाडीतला दोन खोल्यांचा भाग, भाडं महिना १४,०००. वर्षात एक महिना रिकामा गेला.

अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००
भरलेली घरपट्टी ६,२०० वजा, राहिले १,४७,८००
त्याचे ३० टक्के ४४,३४० वजा, राहिले १,०३,४६०
कर्जाचं व्याज १,१२,०००
तोटा ८,५४०

३० टक्के घरपट्टी वजा केल्यानंतरच्या रकमेवर काढायचे. थेट १,५४,००० वर काढले तर आकडा चुकतो. शेवटच्या ओळीचं काय करायचं ते करप्रणालीवर ठरतं. जुन्या प्रणालीत हे ८,५४० पगारातून वजा होतात. नव्या प्रणालीत अशा तोट्याच्या वर्षी घरभाड्याचं उत्पन्न शून्य धरलं जातं आणि तोटा पगाराला हात लावू शकत नाही. घरपट्टी, ३० टक्के आणि भाड्याच्या घराचं व्याज या तिन्ही वजावटी नव्या प्रणालीतही आहेत. 'नव्यात काही वजा होत नाही' हे राहत्या घराच्या व्याजाबद्दल खरं, भाड्याच्या घराबद्दल नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे पेन्शन अधिक एका माडीचं भाडं असलेल्या बऱ्याच जणांना कर लागतच नाही. विवरणपत्र मात्र लागतं.

रिकाम्या महिन्याचा पुरावा काय, असं विचारलं तर हेस्कॉमचं बिल पुढे करा. त्या महिन्याचे युनिट शून्याजवळ असतील तर अधिक बोलावं लागत नाही.

भाडं बुडालं तर ते उत्पन्नातून सोडून द्यायलाही अटी आहेत. भाडेव्यवहार खरा हवा, बुडवणाऱ्याने घर सोडलेलं हवं किंवा त्याला बाहेर काढायला पावलं उचललेली हवीत, तो तुमच्या दुसऱ्या कुठल्या जागेत राहत नसावा, आणि वसुलीसाठी कोर्टाची वाट धरलेली हवी किंवा ती धरून उपयोग नव्हता हे पटवता आलं पाहिजे. निदान वकिलाची एक नोटीस तरी काढून ठेवा. अनामतीतून थकलेलं भाडं कापून घेतलंत तर तेवढं भाडं मिळालं असंच धरतात. बुडालेलं भाडं पुढे कधी वसूल झालं तर त्या वर्षी ते उत्पन्न, आणि त्यावरही ३० टक्के वजा होतात.

आपल्या भागात 'लीज'ला घर देण्याचीही चाल आहे. एकरकमी पाच-सहा लाख घ्यायचे, भाडं शून्य, तीन वर्षांनी पैसे परत. इथे 'भाडंच नाही तर टॅक्स कसला' असा हिशेब करतात, तो चुकतो. त्या गल्लीत तसंच घर जेवढ्या भाड्याने जाईल तेवढं भाडं आलं असं धरून उत्पन्न मोजलं जातं. शिवाय ती रक्कम बँकेत ठेवली तर ठेवीचं व्याज वेगळं. नेहमीची अनामतही वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका, खात्यावर घ्या.

बंद घरांचंही तसंच. बेळगावात एक, खानापूरकडे गावी एक, आणि मुलासाठी म्हणून पुण्यात एक. दोन घरं स्वतःच्या वापराची म्हणून शून्यात धरता येतात. तिसरं कुलूपबंद असलं तरी त्याचं संभाव्य भाडं धरतात. कोणती दोन निवडायची ते तुमच्या हातात आहे, म्हणून ज्याचं भाडं सगळ्यात कमी येईल ते गावचं घर तिसरं ठेवणं शहाणपणाचं.

नावावरून होणारे घोळ थोडक्यात. नवऱ्याने आपलं घर बायकोला बक्षीस दिलं किंवा तिच्या नावाने पैसे घालून घेतलं, तरी भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात जातं. सज्ञान मुलाला दिलेल्या घराचं तसं होत नाही. भावाभावांचे हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचं भाडं दाखवायचं, आणि व्याज ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यानेच मागायचं. एकाने कर्ज काढलं आणि दुसऱ्याने वजावट घेतली, हे टिकत नाही.

भाडं दाखवलंच नाही तर कोणाला कळणार, हा विचारही आता सोडा. नोकरदार भाडेकरूचं भाडं वर्षाला एक लाखाच्या वर, म्हणजे महिना ८,३३३ च्या पुढे गेलं की एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी) त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. विवरणपत्र भरण्याआधी आपलं एआयएस, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडे जमलेला तुमच्या व्यवहारांचा तक्ता, उघडून बघा. टीडीएस (भाडेकरूने भाड्यातून कापून भरायचा कर) महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तर लागतो, आणि बेळगावात तेवढं भाडं म्हणजे बंगलाच. पण मालक मुलगा दुबईत आणि भाडं इथे आई घेते, अशी घरं पुष्कळ आहेत. मालक अनिवासी असला की भाडं पाच हजार असो वा पन्नास, भाडेकरूला त्यातून कर कापावा लागतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं.

प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, तरी घरपट्टी, ३० टक्के आणि व्याज या तीन वजावटी तशाच आहेत. २०२५-२६ चं विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचं. त्यात व्याज मागताना कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि ३१ मार्चची शिल्लक द्यावी लागते. बँकेच्या दाखल्यात हे सगळं असतं. सोसायटीच्या दाखल्यात बहुधा व्याजाचा एकच आकडा असतो, म्हणून एप्रिलमध्येच जाऊन लेटरहेडवर या सगळ्या गोष्टी लिहून घ्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला शोधत फिरावं लागतं.

राहिली ती पिशवीतली बिलं. रंग आणि प्लंबरची फेकलीत तरी चालेल. गच्चीवर नवी खोली चढवली, नवा जिना बांधला, कौलं उतरवून स्लॅब टाकला, त्यांची बिलं आणि बँकेच्या नोंदी मात्र वेगळ्या फायलीत ठेवा. आज भाड्यातून ती वजा होत नाहीत, पण घर विकताना सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात. फाइलवर साल मोठ्या अक्षरात लिहा. थर्मल प्रिंटची बिलं असतील तर आजच झेरॉक्स काढा, पाच वर्षांत तो कागद कोरा होतो.